पक्कं कुलूप

शहाण्णव साली हेलसिंकीहून तेर्होने अमेरिकेतल्या ब्राउझर कंपनीला तिसऱ्यांदा फोन लावला. नवऱ्यापासून लपलेल्या बायका त्याच्या बहिणीच्या संस्थेला इंटरनेटवरून आपले पत्ते कळवणार होत्या. ते वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून मजकुराला सांकेतिक कुलूप घालणारा ब्राउझर त्याला हवा होता.

"पक्क्या कुलपाचा ब्राउझर देशाबाहेर देता येत नाही, साहेब," परवाना विभागातल्या बाई म्हणाल्या. "कच्च्या कुलपाचा घ्या, फुकट आहे."

"कच्चं म्हणजे दाराला सुतळी! आठवड्यात तुटतं. एखादीचा नवरा कॉम्प्युटरवाला निघाला, तर मुडदा पडेल तिचा!"

"कायदा आहे, साहेब."

"तुमच्या पक्क्या ब्राउझरच्या परवान्याची शेवटची ओळ वाचा."

"'यातलं कुलूप तेर्हो सालोव्हारा यांनी बनवलं आहे.'"

"तो मीच, बाई! मीच!"

"अरे वा, अभिनंदन!" बाई मनापासून म्हणाल्या. "मग तुम्ही अमेरिकेचे नागरिक का नाही होत?"