जागेवरचा फार्मासिस्ट

धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात प्रेमराज सर नेतृत्व आणि व्यवस्थापनाचं सिम्युलेशन घेत होते, म्हणजे आपलं खोटंखोटं मेडिकल. चार बाकांचं काउंटर आणि वर्गातलीच पोरं गिऱ्हाईक. फार्मासिस्ट झालेली संघमित्रा दोन मिनिटं पाणी प्यायला गेली, तर सरांनी सगळ्यांदेखत तिचा पाणउतारा केला. "फार्मासिस्टनं काउंटर सोडायचं नाही. जो जागेवर नाही, तो कसला लीडर?" आणि वहीत भोपळा.

शनिवारी ती दोंडाईचाला घरी गेली आणि आजीच्या बीपीच्या गोळ्या आणायला स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये शिरली. मालक नवलभाऊंनी चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणत्या रंगनी गोळी शे?" एवढंच विचारलं. त्यांच्या डोक्यावर, गणपतीच्या शेजारी, दुकानाच्या फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं होतं, आणि त्यावरच्या फोटोत प्रेमराज सर हसत होते.

"भाऊ, हे सर दुकानात कधी येतात?" तिनं विचारलं.



"त्यास्ले येवानी काय गरज शे, ताई? पाच वरीस व्हयनात, जागावरच शेतस. दसराले हारबी घालतस आम्ही."