बाराव्या दिवसाचे बहुरूपी

"नियमानं या गाडीत प्रवासी घेता येत नाही," सेल्बी म्हणाला आणि त्याने आतून दार ढकलले. "पण नियम करणारे आत्ता शेकोटीपाशी बसलेत. चढ, पोरा."

हेडली चढला. बर्फ हटवणारी ती अवजड गाडी पुन्हा चालू लागली. पात्याने उचललेले हिम दोन्ही अंगांना भिंतीसारखे रचले जात होते.

गँडरच्या विमानतळावर उतरल्यापासून दोन रात्री त्याने चर्चच्या सभागृहात, चाळीस अनोळखी माणसांसमवेत, जमिनीवर काढल्या होत्या. महामार्ग बंद होता. किनाऱ्यावरच्या गावांचे फोन परवापासून मुके झाले होते. त्यापूर्वी बहिणीचा, मेलिनाचा, जो शेवटचा निरोप आला, त्यात एवढेच होते की, वडिलांनी चार चमचे सूप घेतले आणि हेडली कुठवर आला, असे विचारले.

विचारले, ही गोष्ट लहान नव्हती. अकरा वर्षांपूर्वी वडिलांनी, अझरायांनी, स्वहस्ते बांधलेली होडी मुलाच्या स्वाधीन केली आणि त्याच महिन्यात मुलगा ती धक्क्याला बांधून अल्बर्टाच्या तेलखाणींकडे निघून गेला. निघताना चारचौघांदेखत वडील म्हणाले होते, "यापुढे मी तुला ओळखत नाही." त्यानंतर उभयतांमध्ये एक शब्दही झाला नव्हता. आता डॉक्टरांनी आशा सोडल्यावर वडिलांनीच सांगून धाडले होते, नाताळचे बारा दिवस सरायच्या आत ये म्हणावे.

आज बारावा दिवस होता.

सेल्बी पलीकडच्या खाडीवरचा. कुणाचा कोण, याची त्याने रीतसर चौकशी केली. अझरायाचा मुलगा म्हणताच त्याने मान डोलावली. या बारा दिवसांत किनाऱ्यावर बहुरूपी निघतात. तोंडावर उशीचा अभ्रा नाहीतर जाळीचा पडदा, अंगात भलत्याचेच कपडे, आणि आवाज कळू नये म्हणून श्वास आत ओढत बोलणे. घरधन्याने ओळखले की तोंडावरचे कापड काढायचे आणि केक व रम घ्यायची. अझरायाला आजवर एकही बहुरूपी फसवू शकला नाही, ही कीर्ती पलीकडच्या खाडीपर्यंत पोचली होती.

हेडली दोन दिवसांत प्रथमच हसला. पंधराव्या वर्षी आजीचा घागरा नेसून तो आपल्याच घरी सोंग घेऊन गेला होता. वडिलांनी पाइप भरता भरता उंबऱ्याकडे पाहिले मात्र आणि म्हणाले, "डावा बूट आधी झटकतो, तो आमचा हेडली."

"तुमच्याकडे अजून येतात का बहुरूपी?" त्याने विचारले.

"येतात की. फक्त गेल्या साली कुणी नाही आलं. माझी बायको, रोझ, गेली होती, वर्ष फिरलं नव्हतं. मयताच्या घरी कोण सोंग घेऊन येणार? पण यंदा दुप्पट आले, नि बाटली रिकामी करूनच उठले मेले."

हेडलीच्या गावाअलीकडे, चर्चच्या वळणावर, मोकळा रस्ता संपला. पुढे मैलभर चालतच जावे लागणार होते. सेल्बीने आसनामागून आपला तेलकापडी डगला काढून दिला. "हा घाल. त्या कोटात नवरदेव दिसतोस. परत आणून देशील कधीतरी."

पाच वाजून गेले होते. संधिप्रकाश मावळला होता आणि बर्फ पुन्हा पडू लागले होते. हेडलीने गळपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळला. गावाच्या पहिल्या घरातून चार बहुरूपी बाहेर पडत होते; एकजण गळ्यातली अकॉर्डियनची पेटी वाजवत होता. डगला आणि झाकलेले तोंड पाहून त्यांनी त्याला आपल्यातलाच मानले.

"कुणाकडचा रे तू?" उशीच्या अभ्र्याआडून म्होरक्याने श्वास ओढत विचारले.

"ओळखा," हेडलीनेही श्वास आत ओढला.

ते हसले. म्होरक्याने सांगितले की, यंदा धिंगाणा नाही. तीनच घरे करायची, तीही पोरांसाठी. एवढ्या बर्फात तीन घरे म्हणजेही पुष्कळ, असे हेडलीला वाटले.

तो त्यांच्यासमवेत चालू लागला. क्षमा कोणत्या शब्दांत मागावी, हे एवढ्या दीर्घ प्रवासात त्याला सुचले नव्हते. आता शब्दांची आवश्यकताच उरली नाही, असे त्याला वाटले. झाकल्या तोंडाने आत जायचे, उंबऱ्यावर डावा बूट झटकायचा आणि उभे राहायचे. अझराया काही केल्या चुकणार नाहीत. ते नाव घेतील. त्या एका नावात अकरा वर्षांचे सगळे मिटून जाईल.

दुसऱ्या घरी मर्सीकाकूंनी तिघांना ओळखले. हेडलीपुढे त्या बराच वेळ थांबल्या, त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिले आणि हरल्याचे सांगून त्याच्या हातावर केकचा तुकडा ठेवला. कुणीही ओळखू नये, याचे त्याला मनोमन समाधान वाटले. पहिली ओळख वडिलांची असावी.

टेकडीच्या वळणानंतर त्याचे घर दिसले. सगळ्या खिडक्यांत दिवे होते. फाटकापासून दारापर्यंतची वाट कुणीतरी स्वच्छ केली होती आणि अंगणात बर्फावरून धावणाऱ्या पाचसहा गाड्या उभ्या होत्या. वडील उठून बसले असावेत. त्याशिवाय एवढी माणसे गप्पांना जमत नाहीत. हेडलीचे पाऊल आपोआप वेगाने पडू लागले. फाटकाशी तो सर्वांच्या पुढे होता.

मागे अकॉर्डियन थांबले. त्याने वळून पाहिले. चौघांनीही तोंडावरची वस्त्रे काढून हातात घेतली होती. झाकलेला होता तो त्याचा एकट्याचाच चेहरा.

म्होरक्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या रोजच्या आवाजात, हलकेच म्हणाला, "इथं नको, गड्या. पुढच्या घरी चल. यंदा अझरायाकाकांच्या दारी आपण जायचं नाही."