सूतगिरणीतला डेमो

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या हॉलमध्ये आवाज असा काही घुमायचा, की डेमो तिथेच रेकॉर्ड करायचा, असं मुकुलच्या बँडने ठरवलं होतं. रेकॉर्डिंग करणारी शर्वाणी हेडफोन लावून बसली. हल्ली सगळ्यांकडे असतात तसे तिचे माइकही काही मिनिटं पुढचं ऐकणारे होते. त्यामुळे चूक व्हायच्या आधीच सुधारता यायची.

अजून कुणी वाजवायला सुरुवातही केली नव्हती, पण तिला गाण्याचा शेवट ऐकू आला. गिटारचा सूर लांबत गेला आणि मग प्रचंड कडकडाट झाला. त्यानंतर नुसता वारा. घुमारा नाहीच, जणू माइक उघड्या माळावर होता.

"छप्पर कोसळणार आहे! बाहेर चला!" ती ओरडली.

"गाणं संपायच्या आधी की नंतर?" मुकुलने शांतपणे विचारलं.

"नंतर, पण..."

"मग वेळ आहे की! असा हॉल पुन्हा मिळायचा नाही."

ड्रमर झेलमनेही मान डोलावली. माइकवर ऐकलेली वेळ कधी चुकत नसे, म्हणून लोकांची भीतीच मेली होती.

गाणं झालं. शर्वाणी दार उघडून धरून जिवाच्या आकांताने हात हलवू लागली. मुकुल जागचा हलला नाही. घुमारा पुरता विरू दे, असं त्याने ओठांवर बोट ठेवून तिला खुणावलं.