घरबसल्या

शिवण जमेना, शिकवणीला घरात जागा नाही. शेवटी तिनं घरबसल्या कागदी पिशव्या चिकटवायचं काम निवडलं. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं. त्याच्या मनाला न लागता हातभार लावायचा होता. तो डबा घेऊन ऑफिसला निघाला, तशी ती कारखान्यात कागद आणायला गेली.

"काम बेताचंच आहे, ताई," मुकादम म्हणाला. "तुम्हाला द्यायचं तर त्या साहेबांच्या पोटावर पाय द्यावा लागेल. नोकरी गेलीय त्यांची. बायकोला वाटतं, स्वारी ऑफिसात! म्हणून घरबसल्याचं काम रोज इथं येऊन करतात बिचारे."

कोपऱ्यात पाठमोरा माणूस खाली मान घालून पिशव्या चिकटवत होता. शेजारी तिनंच सकाळी भरून दिलेला डबा होता.

"राहू द्या मग. त्यांचं काढू नका," ती हळूच म्हणाली आणि तो वळून बघायच्या आत बाहेर पडली.