पाहणीच्या वेळी घर बंद

“काका, तुम्ही या गावात राहतच नाही,” मालमत्ता विभागातल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी नोंदवही खिडकीतून हजरकाकांकडे वळवली.

हजरकाकांनी चष्मा पुसून वाचलं. त्यांच्या घराच्या क्रमांकापुढे पाच महिन्यांत पाच तारखा आणि पाचही वेळा एकच शेरा: घर बंद. त्याखाली लाल शाईत: वापरात नाही.

“अहो, मी घरी नव्हतो, कारण मी...”

“ते मला माहीत आहे, गावाला माहीत आहे. कागदाला माहीत नाही.”

हजरकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण गावात कुणाचा नळ फुटो, कुणाचं गटार तुंबो, हा माणूस हजर. पंपघराला आग लागली तेव्हा ते दहा मिनिटं आधीच बादली घेऊन उभे होते, असं लोक सांगतात. आणि तिथले लोक निम्म्याहून जास्त खोटं सहसा बोलत नाहीत. त्याच दिवशी सहा वाजता सभागृहात गावच्या स्वयंसेवकांचा सत्कार होता. यादीत पहिलं नाव त्यांचंच. खुर्च्याही त्यांनीच मांडल्या होत्या. पण सत्कार रहिवाशाचाच करायचा, असा नियम. आणि रिकाम्या घरात रहिवासी आणायचा कुठून?

तोंडानं ते महिनाभर “कशाला, कशाला” म्हणत होते. शर्टाला इस्त्री मात्र दोनदा झाली होती.

“एक मार्ग आहे,” बाई म्हणाल्या. “दोन साक्षीदार आणा. वर्षभरात तुमच्या घरी येऊन गेलेले. इथे सही केली की झालं.”

“दोन कशाला, दोनशे आणतो!” मागे रांगेत उभा असलेला नळदुरुस्तीवाला पुढे घुसला. “द्या पेन इकडे. यांनी माझ्या म्हातारीला पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात नेलं. मी सही नाही करायची तर कुणी?”

“वर्षभरात यांच्या घरी गेला होता का?”

“घरी?” पेन हवेतच राहिलं. “घरी म्हणजे... काका, तुमचं घर नेमकं कुठल्या अंगाला हो?”

“टाकीच्या मागे,” शिपाई स्टुलावरून म्हणाला.

“छे! ते तर सुताराचं,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

सगळी रांग हसली. हजरकाकाही हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि थांबलेही सगळ्यांच्या नंतर.

बाईंनी पेन काढून घेतलं. “राहू द्या. चार वाजता मीच येते पाहणीला. फक्त आजच्या दिवस घरी थांबा. कुणाचं छप्पर उडून गेलं तरी जाऊ नका. हात जोडते.”

चारला पाच मिनिटं कमी असताना बाई आल्या, तर हजरकाका दारातच उभे. दुपारपासून उभे असावेत, कारण इस्त्रीच्या शर्टाला एका खांद्यावर चौकटीचा चुना लागला होता.

खोली एकच. कोपऱ्यात शिडी. भिंतीवर ओळीनं खिळे आणि परगावी गेलेल्यांच्या घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. खुर्च्या दोन. त्यातल्या एकीच्या पाठीवर ‘सभागृह’ असा छाप होता. बाईंना त्यांनी त्याच खुर्चीत बसवलं.

“नळ किती?”

“एक.”

“दिवे?”

“दोन. लागतो एकच.”

“राहणारी माणसं?”

“हा काय, मी आहे की.”

बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. तोवर हजरकाकांनी चहा आणला. बाईंना कपात, स्वतःला पेल्यात. कप एकच होता. चहा कडक होता आणि जरा जास्तच गोड. बाई फुंकर मारत, भुरके घेत प्यायल्या. हजरकाका आपला पेला हातात धरून ते भुरके ऐकत राहिले. त्या खोलीत आपल्याखेरीज दुसऱ्या कुणी भुरका मारला होता तो कधी, हे त्यांनी आठवायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

“झालं तर मग,” बाईंनी वही मांडीवर उघडली. “‘घर उघडं, वापरात’ एवढं लिहिते. सहाला टाळ्या घ्यायला मोकळे तुम्ही. आणि आमच्या मागचा ससेमिराही सुटला बघा. बंद घराला दर महिन्याला खेप घालावी लागते. एकदा ‘वापरात’ लिहिलं की पुढची पाहणी थेट पाच वर्षांनी. तोवर कुणी तुमच्या दाराशी फिरकायचं नाही.”

“दर महिन्याला?” हजरकाकांनी विचारलं.

“हो ना. ऊन असो, वारा असो. नियम म्हणजे नियम.”

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

“बाई,” हजरकाका म्हणाले, “बंदच लिहा.”

“काय?”

“घर बंद. पाच वेळा लिहिलंय, हात बसलाय तुमचा.”

“काका, थट्टा करता का? मी समोर बसलेय तुमच्या घरात! आणि बंद लिहिलं तर यादीतून नाव काढावं लागेल. संध्याकाळी सगळं गाव जमणार आहे तुमच्यासाठी.”

“गाव काय, रोज भेटतं.”

ते उठले. पातेल्यात उरलेला चहा त्यांनी बाईंच्या कपात ओतला, थेंब न सांडता, काठोकाठ.

“फक्त पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला येता, तेवढं आत्ताच सांगून ठेवा,” ते म्हणाले. “म्हणजे मी घरी थांबतो.”