घरी राहिलेली खिडकी

दातांच्या डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यासाठी बनवलेला प्रोग्राम दाखवताना आमच्या प्रोग्रामरसाहेबांनी अशी फुशारकी मारली की पेशंटच्या खुर्चीनेही आ वासावा. “कोड माझा, खिडकी माझी, बटणंसुद्धा माझ्याच हातची!” खिडकी नि बटणं खरं तर साहेबांच्या वहिनींनी रेखाटली होती, साहेबांचा पायथन प्रोग्राम फक्त त्यांची फाईल वाचून सारं पडद्यावर मांडायचा. आज कोड तेवढा आणला, फाईल घरीच राहिली. डॉक्टरांसमोरच अक्षरं उमटली: ‘वहिनींची खिडकी’ फाईल सापडली नाही. “या वहिनी कोण हो?” डॉक्टरांनी विचारलं. साहेबांचे कान तापले. हात कीबोर्डवर अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर लावला. “वहिनी, ती खिडकीची फाईल पाठवता का?” “पाठवते की. डॉक्टर शेजारीच आहेत वाटतं, भाऊजी?” “आहेत.” “मग त्यांना म्हणावं, केलंय सगळं भाऊजींनीच; मी नुसती फाईल सांभाळली.” डॉक्टर गालातल्या गालात हसले. साहेबांना मान वर करवेना.