फुल्या

तीन वर्षं जयाचं अंग ठणकत होतं आणि दरवेळी रिपोर्ट नॉर्मल येत होते. "रिपोर्टात न्हाई ते अंगात कुठनं आलं? आमी बी जल्मभर उसात राबलो, आमचं न्हाई कदी काय दुखलं," दाताला मिसरी घासता घासता सासू, राहीबाई, तिला ऐकवायची.

श्रीगोंद्याच्या नव्या डॉक्टर मॅडमनी मात्र सगळं अंग दाबून पाहिलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. "दुखणं खरंच असतं, फक्त रिपोर्टमध्ये दिसत नाही." गोळ्यांसोबत त्यांनी माणसाचं चित्र असलेला एक कागद दिला. जिथं दुखेल तिथं पेनानं फुली मारायची.

जयानं कागद स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला आणि सासूला सगळं समजावून सांगितलं. राहीबाई नाक मुरडून उठून गेली.

महिन्यानं मॅडमनी कागद पाहिला. "फुल्या ठीक आहेत. पण हे डाग कसले गं?"

जयानं वाकून पाहिलं. तिच्या निळ्या फुल्यांशेजारी मानेवर, खांद्यांवर, कमरेवर, दोन्ही गुडघ्यांवर बोटाचे काळे ठसे होते.

मिसरीचे.